एकशेसत्तर मिलीमीटर

“तेवढंच सांगा, उस्ताद. एकशेपन्नास की एकशेसत्तर?”

अमीन उस्ताद चाकाच्या तारा आवळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

वाईत, घाटाच्या पायथ्याशी त्यांचं सायकलचं दुकान. निनाद परचुरे लहानपणी इथेच पंक्चर काढायला शिकला. आता तो पुण्यात असतो. पुढे-मागे दोन्हीकडे धक्के झेलणारे शॉक असलेली, डोंगरात चालवायची सायकल घ्यायची, असं ठरवूनच तो आला होता. ठरवून आलेल्या माणसाला सल्ला नको असतो, होकार हवा असतो. हा त्यातलाच.

“शॉक किती मिलीमीटर दबावा, ते विचारतूयास,” उस्ताद म्हणाले. “चालवतोस कशी?”

“ॲग्रेसिव्ह.”

“म्हंजे?”

“उतारावर ब्रेक लावत नाही. आमच्या ग्रुपमध्ये माझ्या पुढे कुणी नसतं.”

“आन् मागं?”

निनाद हसला.

उस्तादांनी चाक बाजूला ठेवलं. “दिवसभर चढायचं-उतरायचं असंल, तर एकशेवीस-तीस बास. हलकी असती, चढाला दमवत न्हाई. सगळीकडं फिरायचं तर एकशेचाळीस-पन्नास. एकशेसत्तर अंगानं जड. ती नुसत्या उताराची. वर जायला लोक टेम्पो करत्यात.”

“मग एकशेसत्तरच.”

“आत्ताची कितीची?”

“शंभरची. फक्त पुढेच शॉक आहे. ती कमी पडते, उस्ताद.”

“नाचता येईना, अंगण वाकडं.”

निनादला ते लागलं. “चेष्टा करू नका. रोहिदासकडेही तसलीच होती. चांगली सायकल असती तर तो पडला नसता.”

...

रोहिदास गोळे आणि निनाद, दोघे याच दुकानात वाढले. एकच सायकल अर्ध्या-अर्ध्या तासाने वाटून घेत शिकले. मागच्या हिवाळ्यात दोघे डोंगर उतरत असताना रोहिदास पडला. मांडीचं हाड मोडलं. गुडघा आता वाकत नाही, सायकल कायमची सुटली. निनादला त्याचं फार वाईट वाटत होतं. ते वाईट वाटणं कुठे ठेवावं हे कळेना, म्हणून तो सायकलीला नावं ठेवत होता.

उस्तादांनी हात पुसले. “तुझी जुनी आणलीयस?”

“गाडीत आहे. विकायची म्हणून आणली.”

“काढ बाहेर.”

निनादने ती काढून दारात उभी केली.

“त्या दिवसानंतर चालवलीस?”

“नाही.”

पुढच्या शॉकच्या नळीवर एक बारीक रबरी कडं असतं. शॉक दबला की ते वर सरकतं, आणि सगळ्यात मोठा दणका जिथवर बसला तिथेच राहतं. उस्ताद उकिडवे बसले. त्यांनी नळीला मोजपट्टी लावली.

“साठ,” ते म्हणाले. “शंभरातलं चाळीस तसंच पडून हाय.”

मग ते आत गेले आणि खुंटीवरची एक सायकल उतरवून घेऊन आले. हँडल वाकलेलं, सीट फाटलेली. निनादने ती ओळखली आणि तो दोन पावलं मागे सरला.

“त्या दिवशी त्येला खाली आणणारा टेम्पोवाला हितं टाकून गेला. तवापासून कुणी हात लावल्याला न्हाई.” उस्तादांनी तिलाही पट्टी लावली. “पंचेचाळीस.”

...

“जपून येत हुता बिचारा. सायकल कुणाचीच कमी पडली न्हाई, निनाद.”

निनाद दाराच्या पायरीवर बसला.

“त्यानं हाक मारली होती,” तो म्हणाला.

उस्ताद पायरीवर त्याच्या शेजारी टेकले.

“वळणापाशी. ‘निनाद, थांब.’ दोनदा.”

“आयकू आली?”

“आली... मला वाटलं, दमला असेल. येईल मागून. माझी वेळ चांगली चालली होती. मोबाइलवर मोजत होतो.”

“किती झाली?”

“नऊ मिनिटं, चौदा सेकंद. अजून कुणाला तेवढी जमलेली नाही.”

उस्तादांनी मान हलवली. त्यात कौतुक नव्हतं आणि रागही नव्हता.

“खाली टपरीवर मी दोन चहा सांगितले. माझा प्यायलो. त्याचा निवला. परत एक सांगितला, तोही निवला. मग गुरांमागची एक बाई धावत खाली आली... तासभर पडला होता तो, उस्ताद. मला पहिल्या हाकेलाच वळता आलं असतं.”

“हां. आलं असतं.”

‘जाऊ दे, व्हायचं ते होतं’ एवढं कुणी म्हणावं, म्हणून निनाद आठ महिने वाट पाहत होता. पुण्यात ते सगळे म्हणाले होते. इथे कुणी म्हणालं नाही, आणि खरं सांगायचं तर इथेच त्याला पहिल्यांदा नीट रडता आलं.

बऱ्याच वेळाने उस्तादांनी विचारलं, “त्येला भेटलास?”

“हॉस्पिटलात एकदा गेलो होतो. झोपला होता. उठवलं नाही.”

“मग?”

“मग... नाही.”

उस्ताद उठले. निनादच्या सायकलीवरचं रबरी कडं त्यांनी अंगठ्याने हळूच खाली सरकवलं, अगदी तळापर्यंत. रोहिदासच्या सायकलीचं कडं होतं तिथेच राहू दिलं आणि ती सायकल उचलून पुन्हा खुंटीला लावली.

निनाद त्या खुंटीकडे बघत राहिला. आल्यापासून पहिल्यांदाच त्याने खरोखर विचारलं.

“मी कुठली घेऊ, उस्ताद?”

“त्येचं घर वर पठारावर हाय,” उस्ताद म्हणाले. “चढंल ती घे.”