दरडीवरचा तेरडा

"मग तो डोंगर कोणी पाडला, नाना?"

नाना ओट्यावर बसून वाती वळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"मी तुम्हाला विचारतोय."

"ऐकतोय मी. बस आधी."

हैबती बसला नाही. त्याने खांद्यावरच्या पिशवीतून टाळ काढले, नानांच्या पुढ्यात ठेवले आणि अंगणात तसाच उभा राहिला.

नाना म्हणजे घाटमाथ्यावरच्या मठातले म्हातारे कीर्तनकार. हैबती त्यांचा शिष्य. पोरवयात मठात आला, इथेच जेवला, इथेच शिकला. पुढे लोक म्हणू लागले की शिष्य गुरूच्या वर गेला. त्यालाही ते पटलेलं होतं.

सृष्टीचं आख्यान ऐकावं तर हैबतीबुवांचं, असं सगळ्या खोऱ्यात बोललं जाई. ते नानांनीच त्याला दिलं होतं. कीर्तनकाराने देवाच्या करणीतलं एकेक नवल सांगायचं आणि विचारायचं, हे कोणी केलं? मागे उभ्या असलेल्या टाळकऱ्यांनी एका सुरात उत्तर द्यायचं.

सुगरणीला खोपा विणायला कोणी शिकवलं?

त्यानंच.

करवंदीच्या काट्यांत गोडवा कोणी ठेवला?

त्यानंच.

हा एवढा डोंगर कोणी उभा केला?

इथे हैबती दोन्ही हात वर करायचा आणि सगळा मांडव उठून उत्तर द्यायचा.

आषाढात तो खालच्या एका गावी सप्ताहाला गेला होता. पाऊस खळत नव्हता. संध्याकाळच्या कीर्तनाला त्याने हेच आख्यान लावलं. ते रंगलं. आणि ते चालू असतानाच तिकडे त्याच्या वाडीवर डोंगराची दरड आली.

बायको अनुसया घरात होती. मुलगी मंजुळा घरात होती.

अनुसया सापडली. मंजुळा सापडली नाही. चिखल उपसता उपसता यंत्रं थकली, माणसं थकली, आणि एके दिवशी शोध थांबवला. ती दरडच तिची समाधी समजा, असं हैबतीला सांगण्यात आलं.

आता भादवा लागला होता. ऊन पडत होतं. एवढे दिवस कोणाशी न बोललेला हैबती आज सकाळी उठला आणि घाट चढून मठात आला.

"लोक काय काय सांगतात," तो म्हणाला. "तलाठी म्हणाला, पाऊस जास्त झाला. सरपंच म्हणाला, रस्त्यासाठी डोंगराचा पाय तोडला म्हणून. एक महाराज गाडी करून भेटायला आले. म्हणाले, पुण्यवान जीव होते, लवकर सुटले."

"मग?"

"मी त्यांना बाहेर काढलं."

"बरं केलंस."

"तुम्ही काय सांगणार?"

नानांनी हातातली वात खाली ठेवली.

"माझ्याकडे सांगायला काही नाही, हैबती."

"मग उत्तर तरी द्या. उभा त्यानं केला हे माझ्याकडून गावोगाव वदवून घेतलंत. पाडला कोणी?"

नाना खांबाला धरून उठले. गुडघे सरळ व्हायला वेळ लागला. त्यांनी पुढ्यातले टाळ उचलले.

हैबतीला वाटलं, म्हातारा आत जाणार. देवघराचं दार लावून घेणार.

नाना ओट्यावरून खाली उतरले. अंगणातून चालत त्याच्या पाठीमागे गेले आणि डाव्या अंगाला, एक पाऊल मागे उभे राहिले. टाळकऱ्याच्या जागी.

"विचार," ते म्हणाले.

हैबतीच्या समोर माणसं नव्हती. अंगण संपत होतं तिथून दरी सुरू होत होती, आणि पलीकडे हिरवेगार डोंगर उन्हात उभे होते.

"डोंगर कोणी पाडला?"

"त्यानंच."

हैबती गर्रकन वळला. येताना वाटेत त्याने सगळ्या उत्तरांना तोंड द्यायची तयारी केली होती. प्रारब्ध म्हणाले तर काय बोलायचं, लीला म्हणाले तर काय, माणसाची हाव म्हणाले तर काय. हे उत्तर त्यात नव्हतं.

"असं नका म्हणू."

"दुसरं उत्तर मला येत नाही."

...

"अनुसयेच्या तोंडात माती होती, नाना. मी बोटानं काढली. ती कोणी भरली?"

"त्यानंच."

"मी त्याचंच गुणगान करत होतो. त्याच वेळी. मांडवात लोक डोलत होते. मला वाचवून इथे कोणी ठेवलं?"

"त्यानंच."

टाळ वाजत नव्हते. नानांच्या हातात ते नुसते होते.

"परवा मी दरडीवर गेलो. त्या सगळ्या चिखलावर तेरडा आलाय. गुलाबी. वरपासून खालपर्यंत. असा फुललाय की... आख्यानात घालावा असा फुललाय. माझी पोर त्याच्या खाली आहे. मी ती रोपं उपटायला लागलो. कितीक उपटली. मग कळलं, मुळं हलली तर तिला लागेल. वेडाच झालो मी. तिथेच बसून राहिलो. तो तेरडा कोणी फुलवला?"

"त्यानंच."

"मग असला कसा तो?"

हा प्रश्न आख्यानात नव्हता.

हैबती दरीकडे तोंड करून शिव्या देऊ लागला. आधी दबक्या आवाजात, मग मोठ्याने. मठात आजवर कोणी उच्चारले नव्हते असे शब्द. आतून कोणी बाहेर आलं नाही. नाना मागे उभेच होते.

शिव्या संपल्या. तो धापा टाकत राहिला.

मग, कोणाला सांगतोय हे न कळल्यासारखा, म्हणाला,

"मंजुळेच्या कपाळाशी एक भोवरा होता. केस कसेही विंचरा, तेवढे उभेच राहायचे. अनुसया तेल थापून थापून दमायची. कोणी केला होता तो भोवरा?"

"त्यानंच."

"कारल्याची भाजी मागून खायची. कुठलं पोर मागून खातं? ही जीभ तिला कोणी दिली?"

"त्यानंच."

"झोपेत हसायची. मी विचारायचो, काय दिसलं गं? तर म्हणायची, सांगणार नाही, ते माझं आहे. तिला असं... इतकं... कोणी..."

मागून उत्तर आलं नाही.

हैबती थांबला. वाट पाहिली.

"नाना?"

नाना खाली बसले होते. अंगणातल्या ओल्या मातीत, धोतरासकट. टाळ मांडीवर पडले होते.

हैबती त्यांच्याजवळ येऊन बसला. शिष्य बसतो तसा नाही, शेजारी.

ऊन कलायला लागलं. समोरच्या डोंगरावर ढगाची एक सावली चढून गेली. ती सुंदर होती. दोघांनाही ती दिसली आणि दोघांनीही मान फिरवली.

"मी आता कीर्तनाला उभा राहणार नाही," हैबती म्हणाला.

"नको राहूस."

"तुम्हाला वाईट वाटेल."

"वाटेल."

...

"मी त्याला नाही नाही ते बोललो, नाना."

"हं."

"इतक्या मोठ्यानं बोललो. त्याच्यापर्यंत पोचलं असेल का? ऐकलं असेल का त्यानं?"

नानांनी मातीने भरलेला हात हैबतीच्या पाठीवर ठेवला.

"मी ऐकलं."