तक्रारच नाही म्हणे!

विद्यापीठाच्या समान संधी कक्षाची बैठक होती आणि कुलगुरू सरंजामे आले तेच कपाळाला आठ्या घालून. कर्णबधिर विद्यार्थ्यांच्या वर्गात खुणांची भाषा जाणणारा दुभाषी असावा, असा नियम प्राध्यापिका वैजयंती सोनकुसरे यांनी मांडला होता. तो आज फेटाळला गेला, तर ती मुलं ऐन परीक्षेच्या तोंडावर वाऱ्यावर पडणार होती.

"दुभाषी हवाय कशाला?" कुलगुरू गरजले. "तक्रारींसाठी आपण फोन ठेवलाय. आजवर त्यांच्यातल्या एकाचा तरी फोन आला? तक्रारच नाही, तर नियम कसला?"

वैजयंतीबाई उठल्या. त्यांचा धाकटा भाऊ जन्मापासून बहिरा, त्यामुळे खुणांची भाषा त्यांच्या हाडीमाशी मुरलेली. त्यांची बोटं झरझर फिरू लागली, चेहरा तापला, डोळे भरून आले. तोंडातून मात्र चकार शब्द नाही.

कुलगुरूंनी टेबलावर हात आपटला. "बाई, हे काय चालवलंय? मला यातलं एक अक्षर कळत नाही!"

"मुलांची तक्रार सांगतेय, सर," बाई म्हणाल्या. "ती रोज अशीच सांगतात. फोनवर कशी सांगणार?"

कुलसचिवांनी चाचरत विचारलं, "सर, इतिवृत्तात काय लिहू? तक्रार आली नाही?"

कुलगुरूंनी मोठा श्वास सोडला.

"आली होती, असं लिहा. आपल्यालाच ऐकू आली नाही. नियम मंजूर."