वाटेकऱ्याचं थडगं

हा दगडांचा लांबट ढीग बघून पाहुणे आधी चपला काढतात. कुणा साधूची समाधी असेल, असं त्यांना वाटतं. काढा, हरकत नाही, आम्हीही काढतो. पण या दगडांखाली माणूस नाही. लांडगा आहे. माळावरची सगळी धनगरं याला वाटेकऱ्याचं थडगं म्हणतात.

मी धुळाप्पा. जन्म याच माळावर गेला, आता मेंढरं मुलगा राखतो आणि मी आल्यागेल्याला ही जागा दाखवतो. मागं पाण्याच्या पाइपासाठी चर खणताना यंत्राचा दात या ढिगाच्या कडेला लागला आणि हाडं उघडी पडली. मग विद्यापीठातून एक बाई आल्या. जनावरांच्या हाडांवरून जुन्या काळची माणसं कशी जगत होती ते त्या शोधतात. मऊ कुंचल्यानं एकेक हाड झाडत त्या इथं बसून असायच्या. आधी त्यांना कुत्रा वाटला. कवटी मोजली, दात पाहिले, तेव्हा म्हणाल्या, लांडगाच आहे.

एक दिवस त्यांनी मला हाक मारली. म्हणाल्या, "आजोबा, याचा पुढचा पाय मोडला होता आणि नीट जुळून आलाय. कुणी बांधल्याशिवाय असा जुळत नाही. दात तर हिरडीपर्यंत झिजलेत. असा लांडगा रानात आपल्या बळावर जगत नाही, त्याला कुणीतरी खायला घातलंय. मेंढपाळांच्या माळावर लांडग्याला कोण खायला घालील?"

मी म्हटलं, "बायक्कानं घातलं."

बाईंनी कुंचला खाली ठेवला. मग जे माझ्या आज्यानं मला सांगितलं होतं ते मी त्यांना सांगितलं. तेच तुम्हांलाही सांगतो. बसा.

फार जुनी गोष्ट. तेव्हा या माळावर म्हाकू नावाच्या धनगराचा वाडा उतरत असे. वाडा म्हणजे आमच्यात घर नव्हे, मेंढरं, माणसं, घोडी, कुत्री असा सगळा चालता संसार. म्हाकूचा शब्द माळावर चालायचा. सिदू हा त्याचा मुलगा आणि बायक्का ही सून. माहेरहून येताना तिनं आंदण म्हणून थोडी मेंढरं आणली होती. त्यांत एक काळी मेंढी होती. ती पुढं चालली की सगळं खांड, म्हणजे अख्खा कळप, तिच्यामागं चालायचं. बायक्का आजारी पडली तर काळी चरायची थांबायची, असं सांगतात.

एका साली लांडग्यांनी फार कोकरं नेली. म्हाकू चिडला. त्यानं माळभर खड्डे खणवले, वर काटक्या आणि गवत टाकलं. लांडगे पडत गेले, धनगरं दगडांनी ठेचत गेली. उन्हाळा संपेपर्यंत माळ मोकळा झाला. म्हाकूनं बिरोबापुढं भंडारा उधळला.

पुढच्याच साली मेंढरांना देवी आल्या. अंगावर फोड, डोळ्यांना पाणी, मान खाली. आज एक बसलं, उद्या चार. बायक्का खांडाच्या मागच्या बाजूला राहून मेंढरं हाकायची, त्यामुळं तिला एक गोष्ट दिसत होती. पूर्वी जे जनावर मागं रेंगाळायचं, ते संध्याकाळी वाड्यावर पोचायचंच नाही, लांडगा न्यायचा. आता ते रडतखडत पोचत होतं आणि रात्री मेंढरं कोंडायच्या जाळीच्या आत बाकीच्यांच्या अंगाला अंग लावून बसत होतं. तिनं सिदूला सांगितलं. सिदू म्हणाला, "आबांपुढं हे बोलू नकोस."

अशातच एका सकाळी जुन्या खड्ड्यात लांडगा सापडला. माळावरचा शेवटचा. पुढचा पाय मोडलेला, पोट पाठीला लागलेलं, पण दात दाखवत होता. म्हाकू दगड घेऊन आला, त्याच्यामागं सगळा वाडा. बायक्का आधीच खड्ड्याच्या तोंडाशी उभी होती.

"मामंजी, याला मारू नका."

म्हाकूला आधी ऐकूच आलं नाही, म्हणे. सुनेनं चारचौघांत सासऱ्याला अडवायचा तो काळ नव्हता.

"बाजूला हो, पोरी."

"हा आजारी मेंढरू ओळखतो. आपल्याला फोड दिसतात तेव्हा उशीर झालेला असतो. याला आधी कळतं. हे मारले म्हणून रोग वाड्यात आला."

"लांडग्याच्या जिवावर मेंढरं राखायची? असं कुणाच्या बापानं केलंय?"

"नसंल केलं. मी करून बघते."

म्हाकूनं दगड खाली टाकला, पण राग टाकला नाही. म्हणाला, "वाडा उद्या खालच्या रानात उतरणार. तुला लांडगा पाहिजे तर तुझी आंदणाची मेंढरं घे आणि इथंच राहा. मेलीस तर वाड्याला सुतक नाही."

दुसऱ्या दिवशी वाडा हलला. सिदू घोड्याचा लगाम धरून उभा राहिला. "चल," एवढंच म्हणाला. ती म्हणाली, "बापाला एकटं सोडू नका. जावा तुम्ही." जाताना त्यानं आपली घोंगडी दगडावर ठेवली.

ती घोंगडी घेऊन बायक्का खड्ड्यात उतरली. लांडग्यावर घोंगडी टाकून त्याला गुडघ्यांनी दाबलं, लोकरीच्या दोरीनं जबडा बांधला आणि मेंढीचा मोडका पाय बांधतात तसा त्याचा पाय तरवडाच्या काटक्या आणि लोकर लावून आवळला. जबडा सोडताना त्यानं तिच्या मनगटाचा लचका तोडला. हात पुढं जन्मभर नीट वळला नाही, असं सांगतात. फडक्यानं हात बांधून ती वर आली आणि देवीनं मेलेलं एक कोकरू तिनं खड्ड्यात टाकलं.

पाय धरेपर्यंत तिनं त्याला असंच जगवलं. मग एक बाभळीचं खोड तिरकं खड्ड्यात सोडलं. लांडगा त्यावरून चढून आला, लांब जाऊन थांबला, वळून पाहिलं. बायक्का त्याला म्हणाली, "मागं पडंल ते तुझं. चालंल ते माझं. एवढंच बोलणं आपल्यात."

तो लंगडत निघून गेला, आणि दुसऱ्या दिवसापासून खांडाच्या मागं, गोफणीच्या टप्प्याबाहेर, तो चालू लागला.

तो कधी माणसाळला नाही, हे आमच्यात मुद्दाम सांगतात. तिच्या हाताजवळ आला नाही, तिच्या चुलीशी बसला नाही. तिनंही त्याला नाव ठेवलं नाही. तो ज्या मेंढीकडं टक लावून बघायचा, ती मेंढी बायक्का संध्याकाळी आडवी पाडायची. काखेत बघायची, मांडीच्या आत बघायची, शेपटीखाली बघायची. कुठंतरी लहानसा लाल ठिपका असायचाच. ती मेंढी मग वेगळी बांधायची. बरी झाली तर खांडात परत, नाहीतर त्याची.

आणि एके दिवशी लांडगा काळीकडं बघत बसला.

काळी खात होती, चालत होती, पुढंच होती. बायक्कानं तिला आडवी पाडून केस अन् केस बाजूला करून पाहिला. काही नव्हतं. दुसऱ्या दिवशीही लांडगा तिथंच, नजर काळीवरच. बायक्कानं पहिल्यांदा त्याला दगड मारला. तो थोडा सरकला आणि पुन्हा बसला. मग ती म्हणे मोठ्यानं रडली. तिथं ऐकायला मेंढरांशिवाय कुणी नव्हतं. रडून झाल्यावर उठली आणि काळीच्या गळ्यात दोरी घालून तिला खांडापासून दूर, ओढ्याच्या पलीकडं नेऊन बांधलं. स्वतःच्या हातानं पाला भरवला. पुढारीण गेल्यामुळं खांड सैरभैर झालं, ओरडू लागलं, तरी तिनं काळीला परत आणलं नाही.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी काळीच्या काखेत फोड उठले. नंतर नाकात, मग डोळ्यांत. काळी बसली ती उठली नाही. शेवटपर्यंत बायक्का तिचं डोकं मांडीवर घेऊन होती. मग तिनं दोरी सोडली, कानामागं हात फिरवला आणि मागं न बघता ओढा उतरून आली. बोलणं झालं होतं, ते तिनं पाळलं.

त्यानंतर तिच्या खांडात एकही मेंढी देवीनं गेली नाही, असं सांगतात.

पाऊसकाळ संपता संपता वाडा परत आला. खालच्या रानात मेंढरं पटापटा गेली होती. घोड्यावर नुसत्या गुंडाळलेल्या जाळ्या, आत कोंडायला जनावरं उरली नव्हती. म्हाकू पार वाकला होता. माळाच्या तोंडाशी येऊन तो थांबला. समोर सुनेचं खांड चरत होतं, कोकरं उड्या मारत होती आणि मागं लांब एक लंगडा लांडगा बसला होता. कुत्री धावली. म्हाकूनं स्वतः शीळ घालून त्यांना मागं बोलावलं.

"पोरी," तो म्हणाला, "मला मेंढरं दे म्हणायचं तोंड नाही."

बायक्का म्हणाली, "मागू नका, मामंजी. खड्डे बुजवा."

त्याच दिवशी म्हातारा फावडं घेऊन लागला. सिदू लागला, सगळा वाडा लागला. माळावरचा एकेक खड्डा बुजवूनच त्यांनी चूल पेटवली. दुसऱ्या दिवशी बायक्कानं आपल्या गाभण मेंढ्यांतल्या निम्म्या सासऱ्याच्या जाळीत सोडल्या. या माळावरची आजची सगळी खांडं त्या मेंढ्यांची, असं आम्ही मानतो.

लांडगा पुढं पुष्कळ वर्षं जगला. दात गेले, मागं पडलेलं मेंढरूही त्याला फोडता येईना, तेव्हा बायक्का मांस दगडावर ठेचून एका खडकावर ठेवायची आणि दूर जाऊन बसायची. ती तिथून हलल्याशिवाय तो यायचा नाही. एका सकाळी तो खडकापाशी मेलेला मिळाला. तेव्हा कुठं तिनं त्याला पहिल्यांदा हात लावला. खड्डा सिदूनं खणला. पहिला दगड म्हाकूनं ठेवला. त्याला तेव्हा नीट दिसतही नव्हतं, दगड चाचपत ठेवला, म्हणे.

तेव्हापासून माळावर कुणी लांडग्यासाठी खड्डा खणत नाही. पुढं दुसऱ्या रानांतून लांडगे परत आले. आजही लांडग्यानं मेंढरू नेलं तर आम्ही शिवी देत नाही. "वाटा पोचला," एवढंच म्हणतो. सोपं असतं असं समजू नका. परवाच आमच्या खांडातली एक पाठ गेली, अजून न व्यालेली तरणी मेंढी, सुनेनं बाटलीनं दूध पाजून वाढवलेली. सून रडली. तिला कुणी गप्प केलं नाही. मग तिनं पदरानं तोंड पुसलं, लुगडं खोचलं आणि उरलेलं एकेक मेंढरू आडवं पाडून काखेत बघायला लागली.