नारंगखारचा अज्रीकाम

नारंगखारच्या खाडीवरचा मातीचा बांध पाहायला पाहुणे आले, की धर्मा म्हात्रे आधी आपल्या पुतण्याची ओळख करून देतात. त्याचे नाव अज्रीकाम. आगऱ्याच्या घरात हे हिब्रू नाव कसे, असा प्रश्न पाहुण्याच्या चेहऱ्यावर उमटला, की धर्माभाऊ बांधावर बैठक मारतात आणि सांगू लागतात.

फार पूर्वी येथे हसाजी नावाचा शनवार तेली राहत असे. तो बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला ज्यू. घाण्यावर तेल गाळणे हा त्याचा व्यवसाय, आणि शनिवारी कोणत्याही कामाला हात लावायचा नाही हा घराण्याचा नेम. पूर्वजांच्या पोथ्या समुद्रात बुडाल्या, भाषा विसरली, असे सांगतात. नेम तेवढा टिकला, आणि टिकले आजोबांचे नाव : अज्रीकाम. ‘माझे साहाय्य उभे राहिले’ हा त्याचा अर्थ आजोबांनीच सांगून ठेवला होता. हसाजीला मूलबाळ नव्हते. आपल्यामागे हे नाव कोणाच्याही तोंडी येणार नाही, ही रुखरुख घाण्यामागे फिरतानाही त्याला सोडीत नसे.

एका शनिवारी भर दुपारी उधाणाने बांधाला खांड पाडली. खारे पाणी शेतांत पसरले तर तीन वर्षे भात नाही, हे सर्वांना ठाऊक. गाव चिखलाच्या टोपल्या घेऊन धावला; पण टाकलेली माती पाणी वाहून नेई. हसाजीही आला, हात पाठीशी धरून. त्या शेतांचाच भात तो खात होता, आणि टोपलीला हात लावावा तर पिढ्यांचा नेम मोडत होता.

“हसाजी, उभाच ऱ्हायचास तर वाटंतना सर,” कान्हू म्हात्रे पाटील खेकसला.

“सरत नाही. वाटेतच उभा राहतो,” हसाजी म्हणाला आणि खांडीत उतरला.

खांड माणसाच्या रुंदीचीच होती. समुद्राकडे पाठ करून तो उभा राहिला, आणि त्याच्या आडोशाने माती प्रथमच ठरू लागली.

“एक टोपली तरी पुढं सरकव,” कोणी ओरडले.

“आज नाही. उद्या सांगाल तितक्या वाहीन.”

तीन तास तो हलला नाही म्हणे. ओहोटी लागली तेव्हा खांड बुजली होती. हसाजीचे पाय मात्र कायमचे गेले होते.

पाटील हसाजीच्या घरी येऊन म्हणाला, “माग, कायबी माग.”

“जमीन नको. माझ्या आजोबांच्या नावाने हाक मारायला कोणी नाही, एवढेच.”

पाटलामागे उभ्या असलेल्या त्याच्या सुनेच्या कुशीत आठ दिवसांचा मुलगा होता. कोणाला न विचारता तिने तो हसाजीच्या मांडीवर ठेवला. “बाबा, माज्या जिभंला ते वळनार नाय. तुमीच त्याच्या कानात सांगा.”

पुढे बेने इस्राएलांची घरे एकेक करून गाव सोडून गेली. म्हात्र्यांच्या प्रत्येक पिढीत मात्र एक अज्रीकाम असतो. या गावात पांडुरंगाचा पांड्या होतो, धर्माचा धर्म्या होतो. अज्रीकामचे लघुरूप आजही कोणी करीत नाही. आई संतापली तरी चारही अक्षरे पूर्ण उच्चारते.