सावळीमावशीची वाट

फार वर्षांपूर्वी, मोटारींचा हमरस्ता नुकताच झाला होता तेव्हा, झिपऱ्या नावाचं एक तरुण गाढव दर आठवड्याला आपल्या मावशीला भेटायला जाई. पाय मुरगळल्यापासून सावळीमावशी छपरीतच बसून असे. पाय केव्हाच बरा झाला होता, पण तिची उमेद गेली होती. झिपऱ्या हमरस्त्यानं तडक येई. "वाटेत काय पाहिलंस रे?" ती विचारी. "धूळ आणि ट्रक," एवढंच त्याला सांगता येई. मग मावशी मान टाकून बसे आणि झिपऱ्याला फार वाईट वाटे.

एके दिवशी तो मुद्दामच ओढ्याकाठच्या जुन्या पायवाटेनं निघाला. जाळ्यांमध्ये करवंदं काळीभोर पिकली होती. दोन खाऊ म्हणता म्हणता त्यानं पोटभर खाल्ली. पुढे अंडी राखणाऱ्या एका टिटवीनं त्याला असं फैलावर घेतलं, की तो मुकाट्यानं लांबून गेला. पोचेपर्यंत दुपार कलली.

"अरे, होतास कुठे? जीव टांगणीला लागला माझा!" मावशी कडाडली.

"चुकलं मावशी," म्हणत त्यानं सगळं सांगितलं. बहावा कसा पिवळाधमक झालाय तेही सांगितलं, आणि टिटवीची तर हुबेहूब नक्कल केली. मावशी खो खो हसली. मग हळूच म्हणाली, "आंब्याखालचा डोह आटला का रे?"

"नाही. गुडघाभर पाणी आहे अजून, थंडगार."

मावशीनं पुढचे पाय रोवले आणि कण्हत कण्हत ती उभी राहिली.

"बघतोस काय नुसता? हो पुढे. आणि सावकाश चाल, सगळं बघायचंय मला."