गोमाने तपासलेली होडी

बंदरावरच्या एका गावात गोमा नावाचा भोळा कारागीर होता. हातात कसब भरपूर, पण डोकं सांगितल्यापलीकडे जायचं नाही. मोरूशेठच्या कारखान्यात तो फायबरच्या मॅटवर रेझिन, म्हणजे सुकून टणक होणारा चिकट रस, चढवून टाक्या, पेट्या, होड्या बनवायचा. रेझिनची तीन पिंपं होती. पिवळ्यात स्वस्तातलं, निळ्यात पाणी सोसणारं, लालात उष्णता सोसणारं.

गोमाने पाण्याची टाकी पिवळ्याची केली. महिन्याभरात तिला आतून फोड आले.

शेठ ओरडले, "अरे, आधी विचारायचं, पाणी लागतं का? लागलं तर निळं!"

"बरं, शेठ."

मग बेकरीवाल्या इब्राहिमचाचांचं धुराडं आलं. गोमाने विचारलं, "चाचा, याला पाणी लागतं का?"

"पावसाळ्यात लागतं की."

गोमाने निळं वापरलं. पहिल्याच भट्टीला धुराडं मान टाकून पावांवर बसलं.

"गाढवा, तापतं का ते विचार! तापलं तर लाल!"

"बरं, शेठ."

मग सखूबाई कोळणीची बर्फाची पेटी. "मावशी, पेटी तापते का?"

"उन्हात तापंल नाय तं काय!"

लाल रेझिन पडलं कडक. पेटी धक्क्यावर आदळली, तडकली आणि सगळे बोंबील गटारात गेले. सखूबाईने गोमाला गावभर पळवलं. बघणारे पोट धरून हसले.

शेवटी आली भास्कर नाखवाची होडी. जुनी फुटली होती. नवी नारळी पुनवेला पाण्यात पडली नाही, तर हंगाम बुडणार, घरची चूल थंड. शेठनी स्वतः निळं पिंप उघडून दिलं.

"आता कुणाला काही विचारू नकोस! फक्त छोटा तुकडा आठ दिवस समुद्रात ठेवून बघ. टिकला तर रेझिन चांगलं."

"बरं, शेठ."

होडी झाली अशी देखणी की नाखवीण रडलीच. पुनवेला वाजतगाजत होडी पाण्यात ढकलली. नाखवा ऐटीत उभा राहिला. आधी घोटे भिजले, मग गुडघे, मग फक्त टोपी दिसू लागली.

"गोम्या! रेझिन कसलं वापरलंस?"

"निळंच, शेठ! एक नंबर माल!" गोमाने खिशातून तळहाताएवढा तुकडा काढला. "आठ दिवस समुद्रात होता. फोड नाही, तडा नाही!"

"तुकडा घेतलास कुठनं?"

"होडीच्या तळातनं, शेठ. पाण्यात तोच भाग राहतो ना!"