साडेचार ताऱ्यांचं रिव्हॉल्वर

ज्या वस्तूला गिऱ्हाइकांनी पाचापैकी साडेचार तारे दिलेत, तिच्यात खोट असेल का हो? सांगा पाहू!

मोरपिंपळीच्या हैबतराव महाराजांचं उत्तर ठरलेलं होतं. शक्यच नाही. महाराजांना नुकताच ऑनलाइन खरेदीचा नाद लागला होता. सिंहासनावर बसल्या बसल्या त्यांनी जुन्या काळच्या रिव्हॉल्वरची एक हुबेहूब नक्कल मागवली. चक्रीत दारू ठासायची, गोळी बसवायची, मागे ठिणगी पाडणारी टोपी लावायची आणि चाप ओढायचा. दसऱ्याच्या सकाळी गडावरून तोफेचा बार होई. यंदा तोफ नको, हा नवा बार उडवायचा, असं महाराजांनी शेजारच्या राजांनाही कळवून टाकलं होतं.

पेटी आली. मूठ सैल होती. महाराजांनी स्वतः तिला दोरा गुंडाळला आणि म्हणाले, "जुन्या धाटणीचं आहे. असंच असतं."

पण धोंडजी तोफचीनं ते हातात घेऊन चक्री फिरवली आणि त्याचा चेहरा उतरला. दसऱ्याचा पहिला बार उडवण्याचा मान त्याच्या घराण्याचा.

"सरकार, चक्रीचं भोक नळीसमोर येतच नाही. एका बाजूला राहतं. बार पुढं जायचा नाही, उडवणाऱ्याच्या बोटांवर फुटेल."

महाराजांनी लगेच दुकानदाराला, झुंबरशेठला, फोन लावला. शेठ म्हणाला, "माल अव्वल आहे, महाराज. खोट असली तर तुमच्या माणसाच्या हातात असेल. आणि एक सांगून ठेवतो, एकदा बार उडवला की माल वापरलेला. वापरलेला माल आम्ही परत घेत नाही."

"ऐकलंस?" महाराज धोंडजीला म्हणाले. "साडेचार तारे आहेत त्याला. तुला किती आहेत?"

धोंडजी मान खाली घालून घरी आला. त्याची लेक सगुणा भाकरी थापत होती. सगळं ऐकून तिनं बापाच्या हातांकडे पाहिलं. याच हातांनी तिला लहानपणी तोफेवर बसवून गड दाखवला होता. तिनं हात धुतले, पदर खोचला आणि तडक दरबारात गेली.

"महाराज, ते रिव्हॉल्वर वाईट आहे."

"शेठ चांगलं म्हणतो. त्याचं खरं की तुझं?"

"त्याच्याच तोंडून वाईट म्हणवलं तर?"

महाराजांना हसू आलं. "आपल्या ताकाला कुणी आंबट म्हणतं का, पोरी? बरं, खंडेनवमीला शेठ इथं येतोय. पहारेकऱ्यांसाठी आणखी रिव्हॉल्वरं घ्यायचीत मला. त्याच्याकडून वदवून घे. मात्र धमकी द्यायची नाही, बार उडवून बघायचा नाही. जमलं तर मागशील ते देईन. नाही जमलं, तर दसऱ्याला तुझा बाप चाप ओढील."

"चालेल," सगुणा म्हणाली.

खंडेनवमीला शस्त्रांची पूजा मांडली. तलवारी, भाले, आणि मधोमध झेंडूच्या माळेत ते रिव्हॉल्वर. झुंबरशेठ महाराजांशेजारी ऐसपैस बसला होता आणि आपल्या मालाचं कौतुक स्वतःच करत होता. तेवढ्यात सगुणा ताट घेऊन पुढं आली. ताटात नारळ आणि तिच्या बापाचा केशरी फेटा.

"महाराज, दसऱ्याच्या पहिल्या बाराचा मान आमच्या घराण्याचा. बाबांनी ठरवलंय, यंदा तो मान शेठजींना द्यायचा. एवढी अव्वल वस्तू त्यांनी गडावर आणली. मग पहिला बार त्यांच्याच हातून व्हायला हवा."

"वा!" महाराज खूश झाले. धोंडजीनं शेठच्या डोक्यावर फेटा ठेवला. शेठनं मिशीवर ताव दिला. मग त्याला समजलं की उडवायचं काय आहे, आणि मिशीवरचा हात हळूच खाली आला.

"मला... मला दारूचा धूर सोसत नाही."

"नाकाला फडकं बांधू," सगुणा म्हणाली.

"माझा नेम धड नाही, बाई."

"आभाळात उडवायचंय, शेठजी. आभाळ कसं चुकेल?"

"पण माल महाराजांचा! मी वापरला तर तो वापरलेला होईल."

"महाराजांची परवानगी आहे. आहे ना, महाराज?"

"अलबत!" महाराज म्हणाले. "हे घ्या शेठ, हातात धरून तर बघा."

शेठनं हात पाठीमागे नेले. सगळा दरबार त्याच्याकडे बघत होता. महाराजांच्या कपाळावर आठी चढली. "शेठ, आमच्या गडावर मान नाकारत नाहीत."

"मान नको, फेटा नको, काही नको!" शेठ उठूनच उभा राहिला. "ती चक्री नळीशी जुळत नाही, महाराज! सगळ्या मालाची तीच रड आहे. हाताची बोटं गेली तर दुसरी आणू कुठून मी?"

सगुणानं शांतपणे ताट खाली ठेवलं.

"ऑनलाइन मागवा की, शेठजी. साडेचार ताऱ्यांची बघून घ्या."

क्षणभर कुणाला हसावं की नाही कळेना. मग महाराजच असे खदखदून हसले की त्यांचा मुकुट कानावर आला. डोळे पुसत ते धोंडजीकडे वळले. "तुला तारे विचारले होते मी! तो फेटा आण इकडे." आणि त्यांनी स्वतःच्या हातानं तो धोंडजीच्या डोक्यावर बांधला. शेठनं माल परत घ्यायचं आणि पैसे द्यायचं तिथंच कबूल केलं.

"बोल सगुणे, काय देऊ?"

"तुमचा मोबाइल द्या, महाराज."

महाराजांनी छातीशी धरलेला मोबाइल एकदा कुरवाळला, सुस्कारा सोडला आणि तिच्या हातात ठेवला. वर गळ्यातला मोत्यांचा कंठाही दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी धोंडजीनं जुन्या तोफेला बत्ती दिली, बार गडभर घुमला, आणि झुंबरशेठ रिव्हॉल्वरची पेटी डोक्यावर घेऊन गड उतरला.